किल्ली कोणाला माहीत आहे

"विनीताचा नेम काय आहे, श्यामला!" हे वाक्य मी श्रीनिवासच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की तिचं नाव निघालं तरी माझं कपाळ दुखायला लागायचं.

दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी श्रिया वॉलॉंगॉंगला युनिव्हर्सिटीत शिकायला गेली आणि घर रिकामं झालं. मी झुंबाला जायला लागले आणि दोन आठवड्यांत सोडलं. श्रीनिवास क्ले टार्गेट शूटिंगच्या क्लबात गेला, तो तिथलाच झाला. हवेत उडवलेल्या मातीच्या बशा बंदुकीने फोडण्यात पन्नाशीच्या डॉक्टरला काय मिळतं, देव जाणे! त्या क्लबात दुसरं मराठी माणूस एकच, विनीता. मेलबर्नजवळच्या आमच्या पॉइंट कुकमध्येच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी फिजिओथेरपिस्ट. नवरा पर्थकडे खाणीत इंजिनियर. रविवारी हे दोघं एका गाडीने जायचे, आणि आला की हा शिट्टी वाजवत आंघोळीला जायचा. माझ्याबरोबर भाजी आणायला जाऊन आल्यावर याने एकदाही शिट्टी वाजवली नव्हती.

माझे थोरले दीर, संजीव भाऊजी, टेक्ससला असतात. व्हिडिओ कॉलवर त्यांनी एकदा याची यथेच्छ टिंगल केली.

"अरे, आमच्याकडे घटनेनेच हक्क दिलाय. तुला बंदूक घ्यायला सरकारला कारण सांगावं लागतं?"

"लागतं, दादा. इथे घटनेत बंदुकीबद्दल अवाक्षर नाही. प्रत्येक स्टेटचा आपापला कायदा. व्हिक्टोरियात लायसन्स हवं, त्याला नीट कारण हवं, आणि स्वतःच्या रक्षणासाठी हे कारण चालत नाही. गन सेफमध्ये, आणि किल्ली फक्त लायसन्सवाल्याच्या हाती. श्यामलालासुद्धा ती कुठे आहे ते कळता कामा नये."

हे त्याने चक्क अभिमानाने सांगितलं. मी मागे कणीक मळत होते. माझ्या आईच्या कमरेला घरातल्या सगळ्या किल्ल्या असायच्या, बाबांना स्वतःचं कपाट उघडायचं तरी तिच्यापुढे उभं राहावं लागे. आणि मला माझ्या गॅरेजमधल्या लोखंडी पेटीची किल्ली माहीत असणं बेकायदा! "कायदाच आहे, मी काय करू?" तो म्हणाला. कायद्यापुढे काय चालणार! मी पुन्हा कणकेला लागले.

मग आलं दोन हजार वीस. ऑगस्टमध्ये कोरोनामुळे मेलबर्न पुन्हा बंद झालं. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, आठनंतर बाहेर पडायचं नाही. क्लबाला टाळं. विनीताचा नवरा राज्यांच्या बॉर्डर बंद झाल्यामुळे तिकडेच अडकला. श्रीनिवास वृद्धाश्रमांमध्ये पेशंट बघायला जायचा, आणि तिथे तर रोज कोणी ना कोणी दगावत होतं. आला की गॅरेजमध्येच कपडे काढायचा, अंग धुवायचा आणि श्रियाच्या खोलीत झोपायचा. माझ्याशी बोलणं म्हणजे दाराबाहेरून "ताट ठेवलंय" आणि आतून "हं". विनीताशी मात्र गॅरेजमध्ये बसून अर्धा अर्धा तास फोन. बंदुका बंद, क्लब बंद, तरी यांचं बोलणं संपेना.

एका सोमवारी मी गॅरेजशेजारच्या कपडे धुण्याच्या खोलीत त्याचे कपडे मशिनला टाकत होते. तो पलीकडून तिला सांगत होता, "समजा मला झालाच आणि हॉस्पिटलला नेलं, तर किल्ली क्रिकेट किटमध्ये आहे, डाव्या ग्लव्हमध्ये. तू येऊन गन घेऊन जा. तुझ्याकडे लायसन्स आहे, नो वरीज. श्यामला उगाच अडकायला नको."

किल्ली गेली खड्ड्यात. आपण आजारी पडू, आपल्याला नेतील, मागे काय करायचं, एवढं सगळं माझ्या नवऱ्याने मनाशी ठरवलं होतं, आणि ते सांगितलं होतं दोन गल्ल्यांपलीकडच्या बाईला! माझा नुसता जळफळाट झाला. दुसऱ्या दिवशी तो गेल्यावर मी डाव्या ग्लव्हमध्ये हात घातला. किल्ली होती. पुन्हा तशीच ठेवली आणि कोणाला काही बोलले नाही.

गुरुवारी सकाळी अकराला पोलीस आले. बंदूक नीट ठेवली आहे की नाही याची तपासणी होणार, हे आधीच कळवलेलं होतं. मास्क लावलेली एक बाई आणि एक तरुण गॅरेजमध्ये आले. बाईने सेफ हलवून पाहिली, भिंतीतले बोल्ट पाहिले, नंबर पडताळला. सगळं चोख होतं.

"किल्ली कुठे असते ते घरात आणखी कोणाला माहीत आहे?" तिने विचारलं.

"नाही," श्रीनिवास म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं.

"आणि मॅम, तुम्हाला?"

विचारायचं म्हणून विचारलं होतं तिने. मला फक्त "नो" म्हणायचं होतं. "यस" म्हटलं तर त्याचं लायसन्स धोक्यात येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. लायसन्स गेलं की क्लब गेला, रविवार गेले, विनीता गेली.

"माहीत आहे," मी म्हणाले. "क्रिकेट किट. डावा ग्लव्ह."

श्रीनिवासने माझ्याकडे पाहिलं. बायको पोलिसांसमोर आपल्याला उघडं पाडेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसावं. पोलीसबाई चिडली वगैरे नाही. रिपोर्ट वर जाईल, लायसन्सचं काय ते वरचे ठरवतील, पण आज गन या घरात ठेवता येणार नाही, म्हणाली. एक तर स्टेशनवर न्यावी लागेल, नाहीतर लायसन्स आणि स्वतःची सेफ असलेल्या कोणाकडे. जवळपास असा कोणी मेट, म्हणजे मित्रबित्र, आहे का?

याचा मी विचारच केला नव्हता. श्रीनिवासने मुकाट्याने फोन लावला.

दहा मिनिटांत विनीता आली. जुना ट्रॅकसूट, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. मी मनात रंगवलेली विनीता निराळीच होती. कागदांवर सह्या झाल्या. श्रीनिवासने बंदुकीची केस तिच्या गाडीच्या डिकीत अलगद ठेवली. जाताना ती मला म्हणाली, "काळजी घे गं." ती माझ्यावर रागावली असती तर मला किती बरं वाटलं असतं!

सगळे गेल्यावर तो गॅरेजच्या पायरीवर बसला. आता हा ओरडणार म्हणून मी तयारीत होते. भांडणाला माझी ना नव्हती.

"कधी ऐकलंस?" त्याने विचारलं.

"सोमवारी. तिला सांगत होतास तेव्हा. मला का नाही सांगितलंस? किल्लीचं नाही म्हणत मी. हॉस्पिटलचं."

"कसं सांगणार? 'मला झाला तर' एवढं म्हटलं असतं की तुझे डोळे भरले असते. ते बघून मला दुसऱ्या दिवशी तिथे पाऊल टाकता आलं नसतं. विनीतासमोर बोलता आलं. ती परकी आहे."

परकी! हा शब्द ऐकायला मी दोन वर्षं कान टवकारून बसले होते. क्षणभर गार वाटलंही. पण मग पुन्हा तीच आग. त्याच्या शिट्ट्या तिच्या वाट्याला गेल्या होत्याच. त्याची भीती तरी माझी असायला हवी होती, तीही तिने आधी ऐकली. अंतर ठेवायचं विसरून मी त्याच्या शेजारी बसले.

"मी नाही रडणार," मी म्हणाले. "मला सांग आता. तुला नेलं तर मी काय करायचं?"

त्याने खरोखरच विचार केला. मग म्हणाला, आणि त्यात टोमणा अजिबात नव्हता, "तुला आता काहीच करायचं नाहीये, श्यामला. सगळं विनीताकडे गेलं."