नापासबाईंनी निवडलेले ब्रेक

लेकीचे बूट धुवायला घेतले तेव्हा दिसलं, की डाव्या बुटाची टाच निम्मी उडालीय आणि उजव्याची जवळजवळ नवी आहे. तीस वर्षं मी कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली. झीज कशाने होते हे मला कुणी शिकवायला नको. चालून दोन्ही बूट झिजतात. एकच झिजतो तो घासून.

"पायाने सायकल थांबवतेस?" मी विचारलं.

लेक केस विंचरत होती. "फक्त शेवटच्या वळणावर, आई. तिथे ब्रेक जरा उशिरा धरतो. चालेल गं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ही मुलगी टेकडीवरच्या दवाखान्यातून रक्ताचे नमुने खालच्या प्रयोगशाळेत पोहोचवते, दिवसातून चार वेळा. रस्ता खडबडीत, म्हणून दणकट माउंटन बाइक. उतार असा, की पायी उतरतानाही माणूस गुडघे सांभाळतो. शेवटचं वळण संपलं की लगेच हमरस्ता आणि त्यावरून धावणारे ट्रक. आणि बाईसाहेबांचा ब्रेक काय, तर डावा बूट! नमुन्यांच्या डब्याला आतून स्पंजचं अस्तर आहे. हिच्या डोक्याला काय आहे?

त्यात तो शब्द. 'चालेल' हा शब्द मी माझ्या टेबलावरून हद्दपार केला होता. वस्तू पास, नाहीतर नापास. लोक पाठीमागे मला नापासबाई म्हणायचे, पुढे तोंडावर म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. तो शब्द आता माझ्याच घरात, माझ्याच पोटच्या मुलीच्या तोंडी!

त्याच दुपारी तिला सायकलसकट गल्लीच्या टोकावरच्या दुकानात नेलं.

दुकानदार काच पुसत बसला होता. या सायकलला डिस्कब्रेक बसायची सोय नाही, चाकाच्या रिमला, म्हणजे धातूच्या कडीला, दोन्हीकडून रबराने धरणारेच ब्रेक लागतील, एवढं त्याने बरोबर सांगितलं. मग त्याने एक लालभडक, सोनेरी अक्षरांचा जोड पुढे केला.

"एकदम भारी, मावशी. तरुण मुलं हेच नेतात."

मी तो हातात घेऊन हलवला. दांड्या सांध्यात खुळखुळल्या. लिव्हर दाबला, तर तो रबरांपर्यंत जोर पोचवायच्या आधी स्वतःच वाकला.

"हा खुळखुळा आहे."

"बसवला की घट्ट होतो हो. चालेल."

"अहो, चालायला सायकल आहे! ब्रेक थांबायला लागतो!"

त्याने दुसरा जोड काढला. त्याची रबरं नखाने दाबून पाहिली तर पाटीसारखी कडक. तिसऱ्याची एक स्प्रिंग ताठ, दुसरी ढिली, म्हणजे एक रबर रिमला घासत राहणार आणि दुसरं नुसतं बघत बसणार. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "चालेल हो," आणि प्रत्येक वेळी माझा आवाज चढायचा. लोकांच्या मुली उतारावर सोडायच्या आणि वर हसून 'चालेल' म्हणायचं, लाज कशी वाटत नाही! लेक मला कोपराने ढोसत होती. दुकानातलं एक गिऱ्हाईक तर पंप घ्यायला आलेलं, तसंच निघून गेलं.

शेवटी मागच्या बाजूला चाक सरळ करत बसलेले मेस्त्री उठले. त्यांनी खालच्या कप्प्यातून राखाडी रंगाचा एक साधा जोड आणून माझ्यासमोर ठेवला. सांधे घट्ट. लिव्हर जाड. रबरं लांब, मऊसर, रिमच्या गोलाईला धरून वळलेली, आणि झिजली की नुसती रबरं बदलता येतील अशी. मी पर्समधली स्टीलची पट्टी काढून दोन्ही बाजू मोजल्या. माझ्या पर्समध्ये आरसा नसतो, पण पट्टी असते.

"पास," मी म्हटलं.

मेस्त्री हसले. "ताई, असं बघून घेणारं गिऱ्हाईक फार दिवसांनी आलं. पुढचं चाक काढून रिमही तपासू का? रबर कितीही चांगलं असलं, तरी धरायचं रिमलाच."

मी फुशारले होते. दुकानदाराचं उतरलेलं तोंड बघण्यात रमले होते. लेकीला पुढच्या फेरीला उशीर होत होता.

"राहू द्या, रिम चालेल," मी म्हटलं.

लेकीने माझ्याकडे चमकून पाहिलं. मला वाटलं, आईचं कौतुक वाटतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हवा भरत होती आणि मी फडक्याने नवे ब्रेक पुसत होते. बोट रिमवरून घसरलं आणि खोलगट जागेत गेलं. पट्टी आणून रिमच्या कडेवर आडवी धरली. पट्टीच्या खालून उजेड दिसला. इतक्या वर्षांच्या घासण्याने रिम मधोमध खाल्ली गेली होती. जुना ब्रेक नीट धरत नव्हता म्हणून ती टिकली. हा नवा, मी निवडलेला, कचकन धरणारा ब्रेक तिला उतारावरच फाडणार होता. काल या मुलीने त्यावर दोन फेऱ्या मारल्या होत्या.

पट्टी पुन्हा लावून पाहिली, तोच उजेड. मग राग आला, आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं.

"आजच्या दिवस चालेल, आई," लेक म्हणाली.

"चालेल नाही, तू चालशील. दवाखान्यातून डबा घे आणि पायी जा."

"अर्धा तास जास्त लागेल!"

"लागू दे!"

चाक काढून मी काखेत मारलं आणि निघाले. दुकानाचं शटर नुकतंच वर जात होतं. मला बघून दुकानदाराचा चेहरा खुलला. मेस्त्रीही बाहेर आले.

"काय मावशी? ब्रेक नापास?"

मी चाक त्याच्या पुसलेल्या काचेवर ठेवलं.

"ब्रेक पास," मी म्हटलं. "नापासबाई नापास."