न तुटणारा दम

अपघातानंतर श्वासासाठी नागेंद्रच्या गळ्यात घातलेली नळी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या थोरल्या बहिणीला, रूपालीला बजावलं होतं. बाहेरचं भोक बुजलं म्हणजे काम संपलं असं समजू नका. आत व्रण धरतो, श्वासनळी हळूहळू आवळत जाते. महिन्यानं दुर्बीण घालून बघू. त्याआधी श्वास घेताना शिट्टी वाजली, तर त्याच दिवशी या.

शिट्टी महिना भरायच्या आतच वाजली. पण वाजली कबड्डीच्या मैदानात, तिथंच सगळं नासलं.

नागेंद्र खेळायचा त्या मच्छे गावच्या संघाचे गुरू मारुतीराव, म्हणजे आप्पा, यांचं मत असं की दुर्बिणीपेक्षा दम खरा. त्यांनी नागेंद्रला चढाईला धाडला. चढाईत श्वास घेतला की ‘कबड्डी कबड्डी’चा बोल तुटतो आणि गडी बाद होतो. नागेंद्र श्वास चोरून घेत होता, पण आत जाणारा श्वासही वाजत असल्यानं बोल तुटेचना. पंचानं कान लावून बघितलं. आतला कुठला, बाहेरचा कुठला, त्याला कळेना. बोरगावच्या स्पर्धेत समोरचे गडी त्याचा दम संपायची वाट बघत उभे राहिले, आणि उभ्या उभ्या बाद झाले.

रूपाली रजा टाकून, फाईल घेऊन आप्पांपुढं गेली.

"ह्याला बेळगावला न्यायचाय आप्पा. श्वासनळी आवळाय लागलीया."

"न्हे की. न्हाय कोण म्हणतंय? फायनल झाल्यावर न्हे."

"आणि तवर श्वासच अडकला तर?"

"दम तुटंना झालाय त्याचा, आणि तू अडकायचं काय सांगतीस?"

नागेंद्र मान खाली घालून म्हणाला, "आक्का, अॅक्सिडेंट झाल्यापास्नं लोक नुसती हळहळत हुती. आता टाळ्या वाजवत्यात गं."

रूपालीनं फाईल परत पिशवीत घातली.

फायनलला चढाईत नागेंद्रची शिट्टी थांबली. पंचानं लगेच हात वर केला. दम तुटला, गडी बाद. गडी रेषेवर निळा पडला होता. समोरच्या संघानं आधी आपला गुण मागून घेतला, मग गाडी बोलावली.

डॉक्टरांनी जुन्याच जागी परत भोक पाडून नळी घातली. पहिल्या शिट्टीला आणला असता तर आत फुगा फुगवून श्वासनळी रुंद करता आली असती, म्हणाले. आता आवळलेला तुकडा कापून जोड द्यावा लागेल.

आप्पा उपविजेत्याची ढाल घेऊन भेटायला आले. गळ्यातल्या नळीकडं बोट केलं.

"ही कवा काढणार?"

"का?" रूपालीनं विचारलं.

"न्हाय, तालुक्याच्या स्पर्धा हायत."

नागेंद्रनं नळीवर बोट ठेवून काहीतरी बोलून बघितलं. आवाज फुटला नाही. आप्पांनी पंचासारखा कान लावला, शिट्टी ऐकू येईना म्हटल्यावर ढाल घेऊनच परत गेले.