राऊटरवरच्या हिरव्या पुड्या

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे त्साय खिम-सेंग, यांनी आमच्या हूवेई गावात चाळीस वर्षं हातात घालायच्या बाहुल्यांचे खेळ केले. देवळांपुढचे खेळ कमी झाले तशी त्यांनी लॅपटॉपवर शिकवणी काढली. दर शनिवारी दुपारी दोनला, नऊ विद्यार्थी. गेल्या शनिवारी सेनापतीची बाहुली राक्षसाचं मुंडकं उडवणार, तेवढ्यात चित्र थिजलं. पाच मिनिटं पोरांना आप्पांचा नुसता उघडा जबडा दिसत होता. एकीने तर लिहून कळवलं, "गुरुजी, उजवी दाढ किडलीय."

या शनिवारी सकाळपासून वायफाय लागेच ना.

"युन-झू, जरा बघ गं," आप्पांनी हाक मारली. "हे माझ्याशी बोलतच नाहीये."

मी नगर कार्यालयात अर्ज टाइप करते, एवढ्यावर घरात मला इंजिनिअर समजतात. मी लॅपटॉप बंद करून चालू केला. काही नाही. मग म्हटलं, "आप्पा, याला आपलं नेटवर्क विसरायला लावते आणि पासवर्ड नव्याने घालते."

"विसरायला कशाला लावायचं?" स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "ह्या घरात आधीच कुणाला काही आठवत नाही."

पासवर्ड घातला, तरी चक्र आपलं फिरतच राहिलं. मग माझा फोन लावून पाहिला. त्याचीही तीच रड. म्हणजे लॅपटॉप बिचारा निर्दोष होता. मी उठून राऊटरकडे गेले.

चपलांच्या कपाटावर राऊटर दिसेचना. दिसत होता तो पुड्यांचा ढीग. हिरव्या पुडीतले मक्याचे कुरकुरे ठेवले की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे आमच्याकडे बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळेच मानतात. पण लोक एक पुडी ठेवतात. इथे अकरा होत्या. दोन खाली, बाकीच्या वर नि बाजूंनी, वरून लाल दोरा करकचून बांधलेला.

"आप्पा, हे काय?"

"दर वेळी बंद पडलं की एक वाढवली," आप्पा अभिमानाने म्हणाले.

हात आत घातला तर राऊटर वाफेतून काढलेल्या पावासारखा गरम. "अहो, हा गुदमरलाय! चकचकीत कागदाने लहरी अडतात, वर वाऱ्याला जागा नाही. काढा सगळ्या."

"ऐन लढाईत पहारेकरी काढू?"

तेवढ्यात सासूबाई हात पुसत आल्या आणि ओरडल्या, "ही पिवळी कुणी ठेवली?"

पिवळी पुडी म्हणजे यंत्राला आळशीपणाचं आमंत्रणच.

"दुकानात हिरवी संपली होती," आप्पा पुटपुटले. "म्हटलं, मागे लपवू. त्याला काय दिसतंय?"

"सेनापती नाचवतात म्हणे! साधा रंग कळत नाही!"

शेवटी आप्पा राजी झाले, पण एका अटीवर: पुड्या मानाने उतरवायच्या. त्यांनी सेनापती हातात चढवला, त्याला राऊटरपुढे तीनदा वाकवला आणि खर्जातल्या आवाजात म्हणाले, "महाराज, शिपाई थकलेत. रजा द्यावी." मी एकेक पुडी उतरवली. राऊटर पुसला, दहा मिनिटं बंद ठेवला, मग खिडकीजवळच्या उघड्या फळीवर मांडला. दोनला पाच कमी असताना लॅपटॉपवर सगळ्या रेघा भरल्या.

"बघितलंस?" आप्पा म्हणाले. "पिवळीचाच दोष होता."

मी पुड्या गोळा करून स्वयंपाकघरात नेल्या.

शिकवणी सुरू झाली. आवाज इतका स्वच्छ जात होता की घरातलं सगळंच पलीकडे पोचत होतं. सेनापतीने तलवार उपसली आणि त्याच क्षणी आतून सासूबाई कडाडल्या, "लढून झालं की कढई घासायची! काल पण तशीच टाकलीत!"

नऊच्या नऊ जण खदखदा हसले. एकाने विचारलं, "गुरुजी, हे कोणतं पात्र? आवाज काय जबरदस्त आहे!"

आप्पा क्षणभर गडबडले. मग गंभीरपणे म्हणाले, "सेनापतीची बायको. पुढच्या धड्यात येते."

आता सासूबाई तयार होतील का, हाच प्रश्न होता. संध्याकाळी त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "येईन. पण तलवार माझ्या हातात असेल, आणि पहिल्या लढाईत जिंकणार मी."

आप्पांनी दोन्ही मान्य केलं. आता बायकोच्या बाहुलीसाठी ते रेशमी झगा शिवतायत आणि सासूबाई बाही चुकली म्हणून तिसऱ्यांदा उसवायला लावतायत.