यंत्रबाबाचा अंगठा

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या पॅसेजमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. आया, सिस्टर, एक्स-रेवाला, लिफ्ट दाराशी अडकवून आलेले लिफ्टवाले मामा. दोन पेशंटसुद्धा सलाईनचे स्टँड ढकलत हजर. काचेच्या दारापलीकडे यंत्रबाबा शाल पांघरून एका करड्या पेटीसमोर उभे होते, आणि पेटी बोंबलत होती.

"यंत्रालाही जीव असतो, बाळांनो," बाबा म्हणाले. "ते रडतंय. तुम्ही त्याच्याकडून नुसती कामं करून घेता. कधी कुणी मायेनं हात फिरवलात?"

कुणीच फिरवला नव्हता. माना खाली गेल्या.

बाबांनी शाल पेटीवर टाकली, तिच्याखाली अत्तर लावलेला हात घातला, डोळे मिटले आणि ओठ हलवले. शाल उचलली, तर बोंब बंद! लाल दिव्याचा हिरवा दिवा! टाळ्यांचा कडकडाट झाला. लिफ्टवाल्या मामांना तर गहिवरून आलं. त्यांची लिफ्ट कित्येक महिने अधूनमधून रुसत होती.

भूलबाई मात्र टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत राहिल्या. भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणून हॉस्पिटलभर त्यांचं हेच नाव पडलेलं. माणसं बेशुद्ध करणं हा त्यांचा धंदा. पण इंजेक्शनाशिवाय इतकी माणसं एका झटक्यात बेशुद्ध झालेली त्यांनी प्रथमच पाहिली. त्यांत हॉस्पिटलचे मालक आणि सर्जन असलेले मोठे सरही होते. हात जोडून.

ती पेटी म्हणजे धूर ओढणारं यंत्र. ऑपरेशनमध्ये विजेच्या पात्यानं मांस कापलं, रक्तवाहिनी डागली, की धूर निघतो. उदबत्तीचा नव्हे; माणसाच्या जळक्या चरबीचा. त्यात विषारी वायू असतात, कधी जिवंत जंतूही, आणि साध्या मास्कला तो जुमानत नाही. पेटी तो नळीनं जागच्या जागी ओढते आणि फिल्टरमधून गाळते. फिल्टरची मुदत संपली की ती बोंबलते. तिनं बोंबलावं म्हणूनच तिला गळा दिलेला असतो. पण फिल्टर महाग, बाबा स्वस्त. मोठ्या सरांनी हिशेब केला.

पुढे थिएटरात अत्तराचा घमघमाट आणि त्याच्याखाली जळका वास, असं कालवण झालं. सरांच्या शेजारी उभी राहून हत्यारं देणारी धाकटी सिस्टर खोकायला लागली. ती खोकली की सरांचा हात थांबे. सरांनी बाबांना विचारलं. बाबांनी डोळे मिटून निदान केलं, "या मुलीत दोष आहे. यंत्र हिला घाबरतं."

"एक तारखेपासून येऊ नकोस," सर धाकटीला म्हणाले. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती आणि मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं.

कपडे बदलायच्या खोलीत धाकटी भूलबाईंना म्हणाली, "मॅडम, दिवा हिरवा आहे ना? मग घरी जाऊन दोनदा केस धुतले तरी वास का जात नाही?"

"दिव्याला नाक नसतं, बाळा," भूलबाई म्हणाल्या आणि तशाच थिएटरात गेल्या. पेटी चालू करून नळीच्या तोंडाशी गॉजचा तुकडा धरला. तो नुसता थरथरला. ओढून घ्यायची ताकदच उरली नव्हती. मग त्यांनी पेटी निरखली. बाजूला एक छोटं बटण होतं, आणि बटणावर अत्तराच्या तेलाचा, चांगला भरघोस, अंगठ्याचा ठसा होता.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पेशंट घेण्याआधीच पेटी पुन्हा बोंबलू लागली. सरांनी बाबांना बोलावलं. पॅसेज पुन्हा भरला.

शाल पडली. हात आत गेला. ओठ हलले. शाल उचलली, तर दिवा लाल आणि बोंब चालू.

"खोलीत दोष आहे," बाबा म्हणाले. "त्या मुलीला बाहेर काढा."

धाकटी बाहेर गेली. बोंब चालू.

"सगळ्या बायका बाहेर!"

"मी पण?" भूलबाईंनी विचारलं. "जाते. पण मग सरही बाहेर येऊ देत, नाहीतर दोष कुणाचा ते कसं कळणार?"

पॅसेजमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. शालीखाली बाबांचा दंड आता पीठ मळल्यासारखा हलत होता. कपाळावर घाम.

"बाबा, अंगठा दुखेल," भूलबाई म्हणाल्या. त्यांनी शाल ओढली. बाबांचा अंगठा बटणावर तसाच रुतलेला सगळ्यांना दिसला. मग त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. आत पोकळी.

"फिल्टर मी सकाळी काढून ठेवला. फिल्टर नसला की ही पेटी हिरवी होतच नाही, कुणीही हात फिरवा. आणि हे बटण नवा फिल्टर घातल्यावर दाबायचं, म्हणजे मुदत पहिल्यापासून मोजली जाते. बाबा जुन्याच फिल्टरवर ते दाबायचे. पेटी बिचारी श्रद्धाळू! नवा घातला म्हटलं की मानते."

हातमोजे आणि जाड मास्क चढवून त्यांनी बंद पिशवीतला फिल्टर वर धरला. आतली घडी न घडी काळी, चिकट झालेली. "सर, ही आपल्या पेशंटांची चरबी. फिल्टरात मावली नाही ती धाकट्या सिस्टरच्या छातीत गेली. तुमच्याही."

सर दोन पावलं मागे सरले. बाबा शाल गोळा करत होते.

"यंत्रांची आणि मनांची जुळणी—" त्यांनी सुरुवात केली.

"मामा," भूलबाई म्हणाल्या, "बाबांना लिफ्टनं खाली न्या."

"लिफ्ट बंद आहे हो," मामा म्हणाले. "परवाच त्यांनी तिच्यावर हात फिरवला."

हशा पिकला. बाबा जिन्यानं गेले.

हशा ओसरल्यावर दाराशी धाकटी खोकली. लांबलचक, कोरडं, पोटातून. या खेपेला कुणी कपाळाला आठी घातली नाही. सर पिशवीकडे पाहत हळूच म्हणाले, "नवा फिल्टर येईपर्यंत थिएटर बंद. आणि सिस्टर, तुम्ही कुठं जायचं नाही. आधी छाती तपासून घ्या."

वाचकहो, बाबा गेले. दुसऱ्या गावात दुसऱ्या पेटीवर शाल पडलीही असेल. म्हणून एवढंच: यंत्र बोंबललं किंवा माणूस खोकला, तर त्याचं तोंड दाबणाऱ्याला हात जोडू नका. झाकण उघडा, आत बघा. घाण वाटेल. वाटू द्या.