वीब्केची टोपी

वीब्के आज पीएचडी होऊन डॉक्टर झाली. इथल्या विद्यापीठांच्या रिवाजाप्रमाणे आम्ही प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांनी तिला पुठ्ठ्याची टोपी केली आणि पाच वर्षांत तिने जे जे केलं, ते टोपीवर चिकटवलं. तिचे मार्गदर्शक प्राध्यापक रोटगर यांच्या भाषणांच्या स्लाइड्स, त्यांच्याऐवजी तिने तपासलेले विद्यार्थ्यांचे पेपर, त्यांच्या कॉफी मशीनचा तिने बदललेला जुना वॉशरसुद्धा. तिच्या पीएचडीच्या जागेच्या जाहिरातीत याच गृहस्थांनी तोंड वर करून ‘स्वतंत्र संशोधनाची संधी’ छापली होती.

टोपी बघून रोटगर खो खो हसले. “झकास! पण हिचं बॅटरीचं संशोधन कुठाय?”

“ते ती रविवारी करायची, सर,” मी म्हणालो. “रविवारी आम्हाला सुट्टी. आम्ही काही ते पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंत?”