शनिवारचा खकाणा

सोमवारी सकाळी दहा वाजता तुंगाबाईंनी जे केलं, ते शनिवारी दुपारी बाराच्या आत केलं असतं, तर मधले दोन दिवस त्यांच्या घशाखाली नीट घास उतरला असता आणि ऑटोतून गावभर वणवणही झाली नसती. पण खरं बोलायला काही माणसांना मुहूर्त लागतो. तुंगाबाईंचा जरा उशिराचा निघाला, त्याला कोण काय करणार?

तुंगाबाई युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल हॉस्टेलच्या मेट्रन. पाच पिढ्या बेंगळूरात मुरलेलं घराणं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि हॉस्टेलात त्यांनी स्वतः घडवलेलं एक इंग्रजी, जे पंधरा देशांच्या पोरांना बरोब्बर कळायचं. एकोणीस वर्षं त्या तिथेच तळमजल्यावरच्या खोलीत राहत होत्या. सगळी पोरं त्यांना अक्का म्हणत, त्यांच्या आवाजाला टरकत आणि ताप आला की त्यांच्याच दाराशी येत.

एवढ्या मोठ्या हॉस्टेलला स्वयंपाकघर एकच. सहा शेगड्या, दोन फ्रिज आणि भिंतभर कप्पे, प्रत्येक कप्प्यावर नाव. व्हिएतनामच्या पोरीची माशाची चटणी उघडली की नेपाळी पोरं नाक धरायची, आणि नेपाळ्यांचा आंबवलेला पाला शिजला की ती खिडक्या उघडायची. तुंगाबाई म्हणायच्या, इथे दुसऱ्याचा वास कुणाला सोसत नाही आणि स्वतःचा कुणाला येत नाही. कुणी कुकर घासला नाही, कुणी कुणाचं दही खाल्लं, सगळे खटले त्यांच्यापुढे चालायचे आणि निकाल जागच्या जागी लागायचा.

त्या वर्षी जूनमध्ये स्वयंपाकघराच्या छताला फायर अलार्म बसवला. स्वल्प धूर झाला की सगळी इमारत किंचाळायची आणि बंबाची गाडी आपोआप निघून यायची. एकदा कुणाचं पॉपकॉर्न जळलं, एकदा कुणाचा पाव. दोन्ही वेळा बंब आला आणि काही न विझवता परत गेला. मग चीफ वॉर्डन नरसिंहराव, जे एरवी स्टॅटिस्टिक्स शिकवायचे आणि हसायचं असलं तरी वेळापत्रक बघायचे, त्यांनी नोटीस लावली. यापुढे ज्याच्यामुळे अलार्म वाजेल, त्याला हॉस्टेल सोडावं लागेल. नोटिशीखाली मेट्रन म्हणून तुंगाबाईंचीही सही होती. बरं झालं, पोरं वळणावर येतील, असं म्हणत त्यांनी ती ठोकली होती.

आता शनिवारचं ऐका. विद्यार्थ्यांच्या स्वयंपाकघरात कर्मचाऱ्यांनी रांधायचं नाही, हा नियम एकोणीस वर्षं भिंतीवर होता आणि तो तुंगाबाई एकोणीस वर्षं मोडत होत्या. सकाळी अकराला पोरं लॅबमध्ये नाहीतर अंथरुणात असत, तेवढ्यात त्या आपली एखादी भाजी, एखादी चटणी उरकून घेत. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसलाच प्रकार. त्या दिवशी तर कारणही भक्कम होतं. नरसिंहरावांच्या घरून निरोप आला होता, अक्का, तुमची सारिन पूड संपली. रोजच्या सारात घालायची ही पूड तुंगाबाईंसारखी सगळ्या कॅम्पसात कुणाला जमत नसे. त्यांनी कढईत थेंबभर तेल टाकून ब्याडगी मिरच्या परतायला घेतल्या आणि तेवढ्यात हुबळीहून सुनेचा, वीणाचा, फोन आला. नातवाला पहिला दात आला होता. स्वयंपाकघरात रेंज नव्हती, म्हणून तुंगाबाई फोन घेऊन व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. दात वर आला की खाली, कुणाच्या नजरेला आधी पडला, चमचा वाजवून पाहिला का, हे सगळं विचारायला दहा मिनिटं तरी लागणारच की!

अलार्म वाजला. दारं धडाधड उघडली. कुणी टॉवेलात, कुणी डोक्याला शाम्पू लावलेलं, सगळं हॉस्टेल बाहेरच्या आवारात येऊन उभं राहिलं. तुंगाबाईही फोन हातात धरून बाहेर आल्या आणि सवयीने ओरडायला लागल्या, की कोण हा शहाणा, आज मी त्याला सोडत नाही. मग पोरं एकेक करून शिंकायला, खोकायला लागली. खिडकीतून मिरचीचा खकाणा बाहेर येत होता. तुंगाबाईंच्या नाकाने तो आधी ओळखला आणि डोक्याने मागून.

आतून गार्ड मल्लाप्पा बाहेर आला आणि त्याच्यामागे हांता. हांता मादागास्करची, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. बोलायला कमी, कामाला चोख. मोठ्या माणसासमोरून जायचं असलं तर पाठीत किंचित वाकून, हात पुढे करून वाट मागत जाणारी. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मल्लाप्पाने ऑफिसातून धावत आलेल्या नरसिंहरावांना सांगितलं, की आत धूरच धूर, आणि शेगडीपाशी ही एकटी, हातात कढई. कढईतला कोळसा तिने सिंकमध्ये ओतून वर नळ सोडला होता, त्यामुळे काय जळलं ते ओळखायची सोयच उरली नव्हती. वास मिरचीचा होता म्हणावं, तर हांताच्या सुक्या मासळीलाही मिरची लागायचीच.

‘‘स्वयंपाकघरात कोण होतं?’’ नरसिंहरावांनी विचारलं.

‘‘मी होते, सर. सॉरी.’’

तुंगाबाईंनी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, तो त्यांच्यावर अन्याय नको. पण शब्द बाहेर यायच्या ऐवजी शिंक आली, आणि ती सरेपर्यंत नरसिंहराव ऑफिसकडे निघूनही गेले होते.

बंब आला, पुन्हा काही न विझवता परत गेला, आणि तासाभरात पत्र टाइप झालं. सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत हांताने खोली रिकामी करायची. पत्रावर मेट्रनची सही लागत होती. तुंगाबाईंनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि केली सही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसंच झालं, आणि फाशीच्या कागदावर सही खुद्द चोराची.

शनिवारची रात्र त्यांनी स्वतःशी वकिली करण्यात काढली. निवृत्तीला दोनच महिने उरलेत. एकोणीस वर्षांत एक बोट कुणी दाखवलं नाही, आणि आता जाता जाता शाल-नारळाऐवजी चौकशी? मुलगा चंदन काय म्हणेल? पोरगी काय, तरुण आहे, कुठेही राहील. ही शेवटची सबब मात्र त्यांनाच पटेना. ती खरी करून दाखवावी म्हणून रविवारी सकाळी त्या हांताच्या दाराशी गेल्या आणि म्हणाल्या, चल, तुला जागा शोधून देते. हांताने काही न विचारता चपला घातल्या.

आधी कोरमंगला. पहिल्या पीजीच्या फाटकावर ‘जागा आहे’ अशी पाटी लटकत होती. आतून मालक आला, हांताकडे त्याने डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि पाटीखाली उभं राहूनच जागा नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी एक बाई फार गोड बोलली. आमचं शुद्ध शाकाहारी, शिवाय परदेशी म्हटलं की पोलिसांचे फॉर्म, तुम्ही समजून घ्या. हांता दोन्हीकडे थँक यू म्हणाली. रस्ता ओलांडताना तिने तुंगाबाईंचं कोपर धरलं, कारण गाड्या अंगावर येत होत्या आणि तुंगाबाईंचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. त्या धरलेल्या कोपराची तुंगाबाईंना अशी लाज वाटली, की त्यांना हात सोडवूनही घेता येईना.

शेवटी त्यांनी ऑटो शिवाजीनगरला न्यायला सांगितला. तिथे त्यांच्या जुन्या ओळखीची यल्लव्वा वरच्या मजल्यावर चार मुली ठेवायची. मूळची निपाणीकडची, तोंडाने फाटकी आणि मनाने चोख. तिने दोघींना बसवलं, ताक दिलं, पोरीला निरखलं आणि मराठीत तुंगाबाईंना विचारलं, की वर्षाच्या मध्येच हिला हॉस्टेलातून का काढलं. फायर अलार्म वाजला म्हणून, तुंगाबाई पुटपुटल्या.

‘‘म्हणजे चूल पेटती टाकून जाणारी,’’ यल्लव्वा म्हणाली. ‘‘नको गं बाई. माझ्या घरात चार लेकी आहेत. अशी बेफिकीर पोर मी नाही ठेवायची.’’

‘‘हिने नाही पेटती टाकली,’’ तुंगाबाई म्हणाल्या. ‘‘मी टाकली.’’

एवढं बोलून त्या थांबल्या. आपण काय बोललो ते आपल्याच कानांनी ऐकायला त्यांना क्षणभर लागला. मग मात्र धरण फुटलं. मिरच्या, फोन, दात, शिंक, पत्र, सही, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

‘‘मग हे मला कशाला सांगतेस?’’ यल्लव्वा म्हणाली. ‘‘जिथे सांगायचं तिथे जाऊन सांग. आणि या लेकराला उन्हातान्हात हिंडवणं आधी बंद कर.’’

हांता ताकाचं भांडं दोन्ही हातांत धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होती. हिला मराठी कुठे कळतंय, तुंगाबाईंनी मनाशी म्हटलं. परतताना ऑटोत दोनदा त्या तिच्याकडे वळल्या आणि दोनदा नुसतं ऊन फार आहे एवढंच बोलल्या.

सोमवारी दहाच्या ठोक्याला त्या नरसिंहरावांच्या केबिनमध्ये उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

‘‘सर, शनिवारी ती कढई माझी होती.’’

नरसिंहरावांनी चष्मा काढला. ‘‘तुमची?’’

‘‘माझी. मिरच्या शेगडीवर ठेवून मी फोनवर बोलत बसले. त्या पोरीचा काही संबंध नाही. पत्रावर सही केली तीसुद्धा खोटी. नियमाप्रमाणे हॉस्टेल सोडायचं ते मी सोडते.’’ मग त्यांना वाटलं, आता सांगायचंच तर काही राखायचं कशाला, म्हणून पुढचंही त्यांनी सांगून टाकलं. ‘‘पूड तुमच्याच घरी जायची होती.’’

नरसिंहरावांनी चष्मा पुसला आणि पुसतच राहिले. रोज दुपारी आपल्या ताटात येणारं सार कुठल्या नियमभंगातून येतं याचा हिशोब स्टॅटिस्टिक्सच्या प्रोफेसराने कधी मांडला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी हांताला बोलावून घेतलं आणि विचारलं, की शनिवारी तू हे का सांगितलं नाहीस.

‘‘तुम्ही विचारलं, स्वयंपाकघरात कोण होतं,’’ ती म्हणाली. ‘‘मी होते. धूर बघून आत गेले, गॅस बंद केला. कढई पेटली होती, पाण्याखाली धरली.’’

‘‘म्हणजे आग तू विझवलीस?’’

‘‘छोटीच होती, सर.’’

नरसिंहराव खुर्चीतून उठले. दोन दिवसांपूर्वी ज्या मुलीला त्यांनी घालवून द्यायचं पत्र लिहिलं, तिच्यापुढे ते उभे राहिले आणि चुकलं म्हणाले, तेही वेळापत्रक न बघता. पत्र त्यांनी फाडून टाकलं. तुंगाबाईंचं प्रकरण फाइलला जाईल, ते टळणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि निवृत्तीपर्यंत तुंगाबाईंनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही अशी शिक्षा दिली. हॉस्टेल सोडायचा विषय त्यांनी काढलाच नाही. जाता जाता खाली बघत एवढं म्हणाले, की आमच्या घरी आता विकतची पूड आणू.

तुंगाबाई बाहेर आल्या आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं होतं, एकदा तोंडातून निघालं की मान वर करायची सोय राहणार नाही. उलट मान हलकी झाली होती, छाती मोकळी झाली होती, आणि कुणी ऐकलं असतं तर त्या गुणगुणत होत्या असंही म्हणाला असता. वाटेत मल्लाप्पा भेटला, त्यालाही त्यांनी थांबवून सांगितलं. तो आ वासून बघत राहिला. जिन्यात नेपाळी पोरं भेटली, त्यांनाही सांगितलं. दोन दिवस जे एका माणसाला सांगता येत नव्हतं, ते आता दिसेल त्याला सांगत सुटल्या होत्या.

मग त्या हांताच्या खोलीत शिरल्या. पोरीने सामान बांधलं असेल, निदान ते सोडवायला तरी हात लावावा, एवढीच त्यांची इच्छा होती. खोलीत बघतात तर पुस्तकं शेल्फावर, कपडे कपाटात, उशाशी आईचा फोटो जागच्या जागी. मोठी बॅग कपाटावर तशीच, धुळीसकट.

‘‘साडेदहाला जायचं होतं तुला,’’ तुंगाबाई म्हणाल्या. ‘‘बॅग का भरली नव्हतीस?’’

हांताने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि आपल्या इंग्रजीत, मधूनमधून हॉस्टेलात शिकलेलं कन्नड मिसळत, ती हळूहळू बोलली. ‘‘कढई तुमची, ते मी तेव्हाच ओळखलं होतं. माझी आईपण अशीच आहे, अक्का. चूक झाली की पहिल्या दिवशी गप्प बसते. दुसऱ्या दिवशी मला बाजारात घेऊन जाते आणि खूप लाड करते. तिसऱ्या दिवशी सांगते. म्हणून मी थांबले.’’

तुंगाबाईंना कालचा अख्खा रविवार आठवला. पाटीखालचा तो मालक, गोड बोलणारी ती बाई, धरलेलं कोपर. ही सगळं जाणून बरोबर चालत होती.

‘‘आणि आज मी बोलले नसते तर?’’

हांताने खरंच विचार केला. उगाच बरं वाटावं म्हणून बोलणारी ती पोर नव्हती.

‘‘तर भरली असती,’’ ती म्हणाली.

तुंगाबाईंना एकदम रडू आलं, आणि ते दोन दिवसांचं असल्यामुळे बराच वेळ आलं. हांता शेजारी बसून राहिली. पदराने डोळे पुसून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण परवापासून धड जेवलो नाही आणि पोटात कावळे ओरडताहेत.

‘‘सरी, बरं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मला काहीतरी खायला दे बाई. मासळी सोडून काय असेल ते.’’

हांता भात टाकायला खाली गेली. तुंगाबाईंना तिच्यामागे जाऊन भात किती शिजवायचा ते सांगावंसं फार वाटत होतं, पण स्वयंपाकघराचा उंबरा बंद होता, म्हणून त्या तिथेच पलंगावर बसून वाट बघत राहिल्या.