एका भाकरीचे वाटेकरी

महावीर मास्तरांनी हयातभर पोरांना इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही खोड काही गेली नाही. शब्द दिसला की त्याचं कूळमूळ काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पण त्या दिवशी ते गुंडूच्या दारात आले, ते त्याच्या सुनेनं फोन केला म्हणून.

"काका, सासूबाई गेल्यापास्नं मामा जेवंनात," वर्षाराणी म्हणाली होती. "तुम्ही तरी सांगा की."

गुंडूच्या बायकोला, शालूबाईला, जाऊन महिना झाला होता. गुंडू गोठ्यापुढं खाटेवर बसला होता. एकेकाळचा तालमीतला गडी, आता सदरा अंगावर नुसता लोंबत होता. सांत्वन मास्तरांना कधी जमलंच नाही.

"गुंड्या, कंपॅनियन म्हंजे काय रं?"

"सोबती. तेवढं एक आल्तं मला परीक्षेत."

"त्याचं मूळ लॅटिन हाय. कम म्हंजे संगट, पानिस म्हंजे भाकर. एका भाकरीचे वाटेकरी! तोच पानिस पोर्तुगीजांच्या तोंडातनं आपल्याकडं आला नि पाव झाला."

"मिसळीबरुबरचा?"

"व्हय, त्योच!"

गुंडू कसंनुसं हसला. मास्तरांना शाळेतलं लिंबाचं झाड आठवलं, त्याच्या सावलीत दोघं लहानपणी एकत्र डबा खायचे. मास्तर जैन, त्यांना कांदा-लसूण वर्ज्य. म्हणून गुंडूची आई धोंडुबाई बिनलसणाची चटणी वेगळी कुटून त्याच्या डब्यातनं धाडायची. काय सुखाचे दिवस होते ते!

"मग माझी वाटेकरीण गेली की, मास्तर," गुंडू म्हणाला. "एकट्यानं कसं गिळू?"

ऊन पन्हाळ्याकडं कललं होतं. दिवस मावळल्यावर मास्तर पाणीसुद्धा घेत नसत, हे गुंडूला लहानपणापासून ठाऊक.

"घरला जा आता. उपाशी ऱ्हाशील."

"ऱ्हातो. तू जेवल्याबिगर मी न्हाय जेवायचा." मास्तरांनी खाटेवर मांडी ठोकली.

"येडा झालास काय? साखरंची गोळी चालू हाय तुझी!"

"हाय की."

गुंडूनं एकदा सूर्याकडं बघितलं, एकदा मास्तरांकडं. मास्तर ढिम्म. मग महिन्याभरानं त्याचा तो जुना आवाज गल्लीभर घुमला, "वर्षाराणी! भाकरी आण गं, दही आण! पळ, मास्तरचा दिवस बुडतोय!"

ताटं आली. गुंडूनं पहिला घास तोंडात घातला आणि त्याला रडूच फुटलं.

"शालूच्या हातची न्हाय ही."

"न्हाय," मास्तर म्हणाले. त्यांचेही डोळे भरून आले होते. "तरी खा."

गुंडूनं दुसरा घास मोडला.